पंखा बंद ठेवा

चिकटरावाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. त्या वेळी घरात दार उघडणारं कोणी नसायचं, म्हणजे वारा नसायचा. त्याच्या थ्रीडी छपाईच्या यंत्राला वारा सोसत नाही. गरम प्लॅस्टिकचा थर थरावर चढत असतो. जराशी झुळूक लागली की कोपरा उचलतो आणि सगळी मेहनत कचऱ्यात.

पुढच्या खोलीत गाड्यांच्या आतलं तुटकं सामान, घासकामाची धूळ आणि गिऱ्हाइकांची ये-जा. म्हणून यंत्र स्वयंपाकघरात, ओट्याच्या टोकाला. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी. बायको शेगडीपुढे घामाघूम.

चिकटराव हे नाव गल्लीनं ठेवलेलं. मी शेजारच्या गॅरेजात डेंटर होतो. मी बाहेरचा पत्रा ठोकायचो, तो आतलं प्लॅस्टिक चिकटवायचा. म्हातारपण दिसायला लागल्यावर त्यानं वस्तूचा आकार टिपणारा स्कॅनर आणि हे यंत्र घेतलं. तळहाताएवढा तुकडा छापायला अर्धा दिवस. तेवढ्यात मी दोन दरवाजे सरळ केले असते. पण तुकडा निघाल्यावर तो पाण्यात बुडवून पॉलिश पेपरनं घासायचा, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचा. तेवढंच मी धरलं. ते काम होतं.

एक दिवस त्याची बायको म्हणाली, "महिनाअखेर हे इथून हललं नाही तर मी विकणार. भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे."

परसात पत्र्याची खोली बांधायची तर मोठं काम हवं. ते चिकटरावाच्या मेहुण्याच्या हातात होतं. तो टॅक्सी चालवायचा. त्याच्या स्टँडवरच्या बहुतेक गाड्या एकाच जुन्या मॉडेलच्या, आणि सगळ्यांची एसीची जाळी तुटकी. कंपनीनं ती बनवणं कधीच सोडलेलं.

"आधी माझ्या गाडीला बसवा, दाजी," मेहुणा म्हणाला. "जमलं तर सगळा स्टँड तुमचा. नाही जमलं तर यंत्र उचलायला ताईला मी मदत करीन."

काळं चकचकीत प्लॅस्टिक स्कॅनरला दिसत नाही. चिकटरावानं मेहुण्याच्या गाडीतल्या मोडक्या जाळीवर बायकोची पावडर फासली.

"मला कधी इतक्या हौसेनं लावली नाहीत," ती म्हणाली.

"तू हलतेस."

जाळी छापली, घासली, रंगवली. डॅशबोर्डात टक्कन बसली. पण आतली झडप काही मिटेना. गार वारा सरळ मेहुण्याच्या नाकावर.

"तुमचा डॅशबोर्ड वाकलाय," चिकटराव म्हणाला.

"हो, आणि मी तिरका बसतो."

दुसरी छापली. तीही तशीच. चिकटराव यंत्राला शिव्या देत होता. बायकोनं पदराला हात पुसले, जाळी उचलली आणि आतल्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. तिथं एक गाठ होती, गाठीवर खळगा, खळग्यात तिरकी खाच.

"अंगठा दाखवा," ती म्हणाली.

कधीतरी पाना निसटून फाटलेलं त्याचं नख त्या खाचेत बरोबर बसलं. हीच जाळी त्यानं पूर्वी कधीतरी चिकटवली होती, अंगठ्यानं दाबून. पावडरीखाली ती गोंदाची गाठ झाकली गेली. यंत्रानं मात्र इमानेइतबारे तीही छापली.

मेहुण्यानं नाक ओढलं. "म्हणजे ही झडप इतकी वर्षं मिटत नव्हती ती तुमच्यामुळे. आणि मी सर्दीची औषधं घेतोय."

चिकटरावानं माझी कानस मागून नेली. जुन्या जाळीवरची गाठ उतरवली, पुन्हा पावडर, पुन्हा स्कॅन. या खेपेला झडप मिटली. मेहुण्यानं ती उघडून मिटून पाहिली, आणि पुढच्या आठवड्यात गल्लीत टॅक्सींची रांग लागली. गल्लीला वाटलं, कोणीतरी गेलं.

गाठीवाल्या दोन्ही जाळ्या बायकोनं ठेवून घेतल्या. एकीत साबण ठेवते, एकीत घासणी. पाणी छान निथळतं म्हणते.

जाळ्यांच्या पैशांतून परसात पत्र्याची खोली उभी राहिली. घट्ट दाराची, बिनखिडकीची. यंत्र आम्ही दोघांनी उचलून नेलं. परत आलो तर त्याची बायको पंख्याच्या बटणावरची चिकटपट्टी नखानं काढत होती. निघता निघेना. पट्टी त्यानंच लावली होती.

अखेर पंखा फिरला. अजूनही पंखा लावण्याआधी ती त्याला विचारते, "लावू का हो?" मुद्दाम विचारते.