काडतुसांना हळदकुंकू

दुबईच्या विमानतळावर धाकटा भाऊ विलास मला घ्यायला आला, तेव्हा त्याच्या खिशाला कंपनीचा बिल्ला होता आणि बिल्ल्यावर शिंगवालं डोंगरी हरीण. मी विचारलं, "प्राणिसंग्रहालयात लागलास की काय?" तो हसला नाही. विलास माझ्या विनोदाला हसला नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

दुबईच्या करामा भागातल्या त्याच्या घरी पोहोचेपर्यंत सगळं कळलं. युरोपातल्या एका डोंगराळ गावात काडतुसं बनवणारी एक जुनी कंपनी आहे. विलासची एजन्सी इथे तिचा माल विकते. अबुधाबीत शिकारीचं आणि ससाण्यांचं प्रदर्शन भरत होतं, त्यासाठी कंपनीचे डायरेक्टर स्वतः येणार होते, आणि एजन्सी ठेवायची की काढून घ्यायची हे तिथेच ठरवणार होते. एजन्सी गेली की विलासची नोकरी जाणार, नोकरीबरोबर विसा, आणि मग बायको सुनीता आणि बारावीतली सई यांच्यासह गाशा गुंडाळून नाशिक. सई जन्मापासून इथली. "आत्या, आय डोन्ट इव्हन नो नाशिक," एवढंच म्हणून तिने पुस्तकात डोकं घातलं.

नवरात्र चालू होतं. दुसऱ्या दिवशी सुनीता मला अब्रातून (खाडी ओलांडणारी लाकडी होडी) फिरवून बर दुबई या जुन्या भागात देवळाच्या बोळात घेऊन गेली. बोळ एवढा अरुंद, की समोरून भटजी आले तर आपण भिंतीला चिकटायचं. तिथे झेंडू मिळाला, आपट्याची पानंही मिळाली, आणि एका दुकानात आपल्याकडचं कुंकू मिळालं. मीना बाजारात साड्यांचे गठ्ठे बघून मी थबकले, पण सुनीताचं लक्ष कशातच नव्हतं. परतताना होडीत ती म्हणाली, "ताई, देवीला मी फक्त विसा मागितला. बाकी काही सुचलंच नाही." मी तिचा हात धरून बसले.

अष्टमीला विलास मला प्रदर्शन दाखवायला घेऊन निघाला. अबुधाबीचा रस्ता नाकासमोर जातो, म्हणून विलासला चुकायला वाव कमी होता. तरी शहर जवळ आल्यावर तो अल ऐनच्या फाट्याला वळला, आणि मागे फिरायला जागा मिळेपर्यंत आम्ही वाळू, उंट अडवायला बांधलेलं तारेचं कुंपण आणि नळीने पाणी पाजलेली खजुराची झाडं पाहत गेलो. मला मजा वाटली. विलासला घाम फुटला.

प्रदर्शनाच्या दारातच ससाणे बसले होते. डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवली की ससाणा शांत बसतो, असं कळलं. त्या दालनात डोळे उघडपणे झाकलेले तेवढेच होते. बाकीच्यांनी आपापली सोय केली होती.

मी शाळेत इतिहास शिकवायची, त्यामुळे आधी कंपनीच्या स्टॉलवरच्या इतिहासाच्या भिंतीपाशी गेले. कंपनीचे मूळपुरुष गाईंच्या गळ्यातल्या घंटा आणि कोटाची पितळी बटणं करत. पितळेवर हात बसला होता म्हणून मुलाने शिकाऱ्यांसाठी काडतुसं सुरू केली. पुढच्या फोटोत कारखान्याला मोठं धुराडं आणि दारात रांगेने कामगार. त्यापुढचा फोटो एकदम रंगीत, त्यात नातू बागेत कॉफी पितोय. मधली भिंत कोरी होती आणि तिथे कुंडीत एक शोभेचं झाड ठेवलं होतं. दोन्ही महायुद्धं त्या झाडामागे गेली असावीत. विलासला विचारलं तर म्हणाला, युद्ध संपल्यावर कंपनीने काही वर्षं लिपस्टिकच्या पितळी डब्या केल्या, हे पत्रकात दिलंय. युद्ध चालू असताना काय केलं ते दिलेलं नाही.

माल मात्र सराफाच्या दुकानासारखा मांडलेला. नेमबाजीची बोटाच्या पेराएवढी काडतुसं, छऱ्यांची लाल-हिरवी जाडजूड काडतुसं, हरणासाठी वेगळी, रानडुकरासाठी वेगळी. प्रत्येक डबीवर ज्याच्यासाठी आत माल आहे त्याचंच सुंदर चित्र. कोपऱ्यात पिस्तुलाच्या काडतुसांची एक डबी होती, 'पोलीस आणि सुरक्षा' अशी. तिच्यावर मात्र कुणाचंच चित्र नव्हतं. स्टॉलवर काडतूस हा शब्दही चालत नसे. सगळे प्रॉडक्ट म्हणत.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या वडिलांचं सातपूरला लेथचं वर्कशॉप होतं. त्या दिवशी लेथपासून पान्यापर्यंत प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लागायचं आणि एकही मशीन चालायचं नाही. ज्याच्यावर पोट भरतं त्याची पूजा, एवढा सरळ हिशोब. विलासचं पोट कशावर भरतं हे समोरच होतं. प्रदर्शन उघडण्यापूर्वी त्याने मखमलीच्या फळीवर उभ्या केलेल्या नमुन्यांना, आत दारू नसलेल्या, एकेक करून हळदकुंकू लावलं आणि मी झेंडूची माळ चढवली. दोघांनी हात जोडले. कुंकू जरा पातळ झालं होतं. टोकाला लावलेलं पितळेवरून ओघळून खाली मखमलीपर्यंत आलं. आम्हाला ते कुंकूच दिसत होतं.

डायरेक्टरना नाही दिसलं. उंच, अत्यंत सभ्य गृहस्थ, चौथ्या पिढीतले. ते फळीपुढे थांबले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आवाज न चढवता त्यांनी एजन्सीचे मॅनेजर जोसेफ यांना सांगितलं, की चार पिढ्यांत आमच्या मालावर कुणी लाल डाग पाहिलेला नाही. जोसेफ विलासकडे वळले. "ये क्या किया? अभी के अभी साफ करो. यल्ला." यल्ला म्हणजे आटपा.

विलास ओल्या कागदाने पुसायला लागला. ओलं लागताच कुंकू हळदीत मिसळलं आणि अधिकच पसरलं. थोड्या वेळात काडतुसं तशीच आणि विलासचे हात मनगटापर्यंत लाल, असा देखावा झाला. सईची बारावी गेली, असंच वाटलं.

तेवढ्यात एक वृद्ध अरब गृहस्थ आले. शिकारीचे शौकीन आणि एजन्सीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. जोसेफनी त्यांना बसवलं, खजूर आणि गहवा (वेलदोडा घातलेली बिनदुधाची कॉफी) पुढे केला. इथले म्हातारे अरब हिंदी छान बोलतात. त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. "ये लाल क्या है?"

"पूजा है, अरबाब," विलास म्हणाला. अरबाब म्हणजे मालक. "जिस चीज़ से रोटी मिलती है, साल में एक दिन उसको हाथ जोड़ते हैं."

"और माँगते क्या हो?"

विलासने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "यही, कि हमारे किसी को न लगे."

म्हातारबुवा हसले नाहीत. "इन्शाल्ला" म्हणाले, उरलेली कॉफी संपवली आणि उठून विलासचा लाल हात हातात घेऊन दाबला आणि निघाले.

डायरेक्टरनी विचारलं, काय बोलणं झालं? जोसेफनी पापणीही न लवता इंग्रजीत सांगितलं, की ही कंपनीच्या दीर्घायुष्यासाठी केलेली प्रार्थना आहे, सर. डायरेक्टरांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. त्यांनी पुसणं थांबवायला लावलं. फोटोग्राफर आला. स्वतःच्याही कपाळाला टिळा हवा, असं म्हणाले, तो मीच लावला. फोटो इतिहासाच्या भिंतीवर लावायचं ठरलं. जागा शोधावी लागली नाही, कुंडी बाजूला सरकवली की झालं. संध्याकाळी एजन्सी कायम झाल्याचं जोसेफनी सांगितलं.

मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. सुनीता रडली, मीही रडले. करामातल्या खानावळीत आम्ही श्रीखंड-पुरी खाल्ली आणि सईने चक्क मराठीत "अजून वाढा" म्हटलं. घास एकदाच अडला. आपल्या कुणाला लागू नये हे मागणं रास्त आहे, पण माल खपतो म्हणजे कुणाला तरी लागतोच. हे मला सुचलं आणि विलासलाही सुचलं असावं, कारण तो ताटाकडेच बघत होता. मी श्रीखंडाची वाटी त्याच्याकडे सरकवली.

निघताना विलासने डायरेक्टरांची भेट माझ्या हातात ठेवली. किल्ल्या अडकवायची साखळी आणि तिला टांगलेलं एक चकचकीत काडतूस. आत काही नाही, भोकही पाडलेलं. विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर माझी पर्स थांबली. पोलिसाने साखळी बाहेर काढली. मी घाईघाईने सांगितलं, की हे प्रॉडक्ट आहे, सॅम्पल आहे, आतून रिकामं आहे, भेट मिळाली आहे. त्याने ते दोन बोटांत धरून फिरवलं.

"मॅडम, ये गोली है."

आल्यापासून त्या वस्तूला गोळी म्हणणारा हा पहिलाच माणूस. तो चिडलेला नव्हता. कामाचा भाग म्हणून त्याने पुढचा प्रश्न विचारला, "किसकी है?"

कंपनीची, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण काचेपलीकडे विलास, सुनीता आणि सई अजून उभे होते, विसा कायम झाल्याच्या आनंदात हात हलवत.

"आमची," मी मराठीत म्हणाले.

त्याला ते कळलं नाही. त्याने गोळी कात्र्या आणि चाकूंच्या खोक्यात टाकली आणि मला पुढे जायची खूण केली.