ती काकडी मी खाल्ली नाही

हे मी घरात बोललेले नाही. ह्यांच्याजवळही नाही, आणि ह्यांच्याजवळ मी सगळं बोलते — निदान ह्यांना तसं वाटतं. तुम्हांलाच का सांगतेय? ठाऊक नाही. सांगून मोकळं वाटेल म्हणाल, तर तसंही नाही. काही वाटायचं केव्हाच थांबलंय.

डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हॉल आहे. त्याच्या आवारात रविवारी सकाळी घरच्या भाजीचा बाजार भरतो. गच्चीत, बाल्कनीत, परसात जे पिकेल ते आणायचं. विकत आणलेला माल नाही, औषधाची फवारणी नाही. आणि एक रिवाज — गिऱ्हाईकानं म्हटलं, तर विकणाऱ्यानं आपला माल त्याच्यासमोर कच्चा खाऊन दाखवायचा. मुळा असो, टोमॅटो असो. आधी आपण, मग लोक. हा रिवाज कुणी काढला? मीच. मोठ्या तोऱ्यात.

माझ्या गच्चीतल्या काकड्यांचं नाव होतं. लोक पार घोडबंदर रोडवरून गाडी काढून यायचे. माझ्या शेजारी सुषमा बसायची. मागच्या बैठ्या चाळीत राहते, ब्लाउज शिवते. घरामागच्या वीतभर जागेत तिनं टोमॅटो, माठ, मिरच्या लावल्या होत्या. तोंडानं फटकळ, पण न सांगता माझ्यासाठी चहा घेऊन यायची. मला काकू म्हणायची. म्हणते, अजूनही.

त्या वर्षी वेलांवर कीड आली. निंबोळीचा अर्क झाला, आंबट ताक झालं — कीड ढिम्म. मग मी कल्याणला जाऊन औषध आणलं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून कल्याणला, दुसरं काय! दुकानदारानं बजावलं होतं, मारल्यावर आठवडाभर तोडू नका. शुक्रवारी मारलं आणि रविवारी तोडल्या. नळाखाली खळखळून धुतल्या, म्हटलं, गेलं असेल. थांबले का नाही? रिकामी टोपली घेऊन बसायची लाज वाटली. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर तुम्हांला सांगायला बरं पडलं असतं.

एक नवी बाई आली आणि म्हणाली, खाऊन दाखवा ना. माझा हात पुढे होईना. तोंडातून निघून गेलं — आज माझा उपास आहे. "अहो, उपासाला काकडी चालते की!" बाई हसल्या. चालतेच. जन्मभर उपास केले, आणि एवढंही सुचलं नाही मला. मग म्हटलं, निर्जळी आहे, नवसाचा. नवस म्हटलं की आपल्याकडे पुढचं कुणी विचारत नाही.

"आणा इकडं," सुषमा म्हणाली. "आम्ही बौद्ध. आमच्यात उपास नाही नि नवस नाही. काकूंच्या वाटणीचं मी खाते!" तिनं टोपलीतली काकडी उचलली, ओढणीला पुसली आणि सालासकट खाल्ली. तुकडा नव्हे — अख्खी. वर त्या बाईंना म्हणाली, "घ्या हो बिनधास्त, साखर आहे साखर."

आणि मी? हात धरला तिचा? काही बोलले? — पिशवी उघडून त्या बाईंना काकड्या भरून दिल्या.

दुपारी सुषमाला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी दवाखान्यात ठेवावं लागलं. बचावली. काकडीनंच झालं कशावरून, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणून पाहिलंय. पण मग मी का नव्हती खाल्ली? इतरांनी नेलेल्या काकड्यांचं काय झालं? मी चौकशी केली नाही.

चर्चा मात्र लगेच सुरू झाली. सकाळी तिनं स्वतःचे टोमॅटोही खाऊन दाखवले होते ना! चाळीमागून नाला जातो. नाल्याचंच पाणी घालत असणार, दुसरं काय होणार — आमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं. चाळीतल्या लोकांचं असंच, असंही लिहिलं. 'चाळीतल्या' म्हणजे काय म्हणायचंय, ते मला कळत होतं. मी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. ती नळाचं पाणी घालायची. मी कितीदा तिच्या परसात उभी राहिले होते, मला माहीत नव्हतं?

घरी सोडल्यावर ती माझ्याकडे आली. पार उतरली होती. सोफ्याच्या कडेला बसली. म्हणाली, "काकू, लोकांचं जाऊ द्या. तुम्ही सांगा. माझ्याच भाजीनं झालं असेल का? पोरं रोज तेच खातात माझी."

तिला तेवढंच हवं होतं — नाही, सुषमा. दोन शब्द. औषधाची बाटली आत मोरीत, कपाटाखाली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "असू शकतं गं. पोरं लहान आहेत. काळजी घेतलेली बरी."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मागच्या बोळातून गेले. तिनं सगळं उपटून टाकलं होतं. कचऱ्याच्या डब्याशी ढीग पडला होता, झाडांना टोमॅटो तसेच लगडलेले. मी घरी आले. कुकर लावला. त्यानंतर ती बाजारात बसली नाही. तिच्या जागी आता कुंड्या विकणारे एक गृहस्थ बसतात. मी असते. मला अध्यक्षही केलंय.

परवा ती भाजीच्या गाडीवर भेटली, टोमॅटो निवडत होती. माझा हात धरून म्हणाली, "काकू, बाकीचे तोंडावर गोड बोलत होते आणि पाठीमागं नावं ठेवत होते. तुम्ही एकट्या खरं बोललात. पोरं वाचली माझी."

मी म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं."