सगुणाबाईच्या हातची लेकरं

पिंपळगाव रेणुकाईची सगुणाबाई सुईण होती. सासूकडून तिच्या हाती हे काम आलं, आणि त्यासोबत विळ्यानं नाळ कापायची रीतही आली. त्या काळी मूल जन्मलं तरी घरात फार आनंद करत नसत. पाचवी पुजून होते न होते तोच लेकराचा जबडा आवळायचा, अंग ताठ व्हायचं. बाया म्हणायच्या, "सटवीनं नेलं." सगुणाबाईची स्वतःची तीन लेकरं अशीच गेली होती.

पुढे एकदा एका अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून सगुणाबाईला जालन्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथली नर्स बदरुन्निसा हिनं सगुणाबाईच्या कमरेचा गंजका विळा पाहिला.

"अम्मा, इसकू पानी में उबालो, फिर काटो. धागा बी उबालो. हात साबण से धोव," ती म्हणाली, आणि त्या बाईला सुटी होईपर्यंत तिनं रोज समोर उभं राहून सगुणाबाईकडून तसं करून घेतलं.

सगुणाबाईनं गावी येऊन तसंच सुरू केलं. लेकरं जगू लागली. पहिल्या वर्षी लोकांना तो योगायोग वाटला, नंतर शेजारच्या गावांतूनही तिला बोलावणी येऊ लागली. देवी टोचणारा माणूसही आता गावात येत होता. पाहता पाहता घरं भरली.

भरल्या घरांना वावरं पुरेनात. भावाभावांत वाटण्या झाल्या. मग एकानं गायरानाची कड नांगरली, दुसऱ्यानं त्याच्या पुढची. पळस, बाभळी चुलीत गेल्या. गुरं कमी झाली तशा गोवऱ्याही कमी झाल्या. उताराची माती वाहून ओढ्यात बसली, आणि उन्हाळ्यात ओढा आधीपेक्षा लवकर आटू लागला.

जर्मन-जपानच्या लढाईच्या सालांत गावातल्या नंदाबाईचं पाचवं बाळंतपण आलं. पहिली चारही सगुणाबाईच्याच हातची, चारही जिवंत. मुलगी झाली, रडलीही. पण चुलीवरचं पाणी काही उकळेना. घरात कापसाच्या ओल्या पऱ्हाट्यांशिवाय जळण नव्हतं आणि त्या नुसता धूर करत होत्या.

"अगं, कापून टाक की जल्दी!" नंदाची सासू दुर्गाबाई म्हणाली.

"पानी उकळल्याबिगर विळा लावनार न्हाई." सगुणाबाई लेकराला आईच्या पोटावर ठेवून, वर पांघरूण घालून तशीच बसली.

शेवटी नंदाचा नवरा कडूबा यानं गोठ्याचं जुनं दार कुऱ्हाडीनं फोडलं. त्याच्या फळ्यांवर पाणी उकळलं आणि नाळ कापली गेली.

हात धुऊन सगुणाबाई ओसरीवर दुर्गाबाईजवळ टेकली.

"दुर्गे, तुला किती झाली?"

"आठ. राह्यली तीन."

"म्हनूनच आपुन आठ जनत होतो. आता होतील तेवढी सगळी जगून राह्यली. मंग नंदाला आठ कशाला?"

"देवाचं देनं हाय. अन् शेतीला हात लागतात."

"हात लागतात, पन वावर कुठून आनशील? काल कडूबा ओढ्याकाठचा उतार नांगरायचं म्हनून राह्यला. तो उतार वाहून गेला का मंग काय नांगरता?"

सगुणाबाईनं आवाज उतरवला. "नंदाला माहेरी धाड. लेकरू चांगलं चालायला लागू दे, अंगावर पिऊ दे. तवर आनू नको."

घरात दोन दिवस धुसफूस चालली. कडूबा तर सगुणाबाईशी बोलेना. पण एवढी वर्षं जिच्या हातून लेकरं जिवंत मिळाली, तिचं म्हणणं दुर्गाबाईला टाळता आलं नाही. नंदाबाई भोकरदनला माहेरी गेली आणि मुलगी अंगणात पळू लागल्यावरच आली. तिला पुढे एकच मूल झालं. ओढ्याकाठच्या उताराला मात्र कडूबानं नांगर लावलाच. दोन पावसाळ्यांत तिथं मुरूम उघडा पडला, तेव्हा त्यानं तो गवताला सोडून दिला.

गावानं लगेच काही मनावर घेतलं नाही. गायरान फुटत राहिलं. एकदा कोणीतरी चिडून म्हणालं, "सगुणाबाईनंच गाव वाढवलं!" ती हसली. "वाढवलं ना? मारलं तर न्हाई." लेकरं जगली याचं तिला कधीच वाईट वाटलं नाही.

निजामाचं राज्य गेलं त्या साली तिची नजर अधू झाली आणि तिनं नंदाबाईला हाताशी घेतलं. नंदाबाई विळा उकळायला शिकली. बाळंतपण आटोपलं की हात पुसत ती आधी बाळंतिणीच्या सासूजवळ जाऊन बसायची आणि विचारायची, "तुमाला किती झाली? राह्यली किती?"