सोलरची मंजुरी

आज सकाळी दादा गच्चीवर सोलरची पॅनेल ओल्या फडक्याने पुसत होता. मी जिन्यातूनच बराच वेळ पाहत राहिले.

वहिनीला ऑक्सिजनचं मशीन लागायचं. दुपारी वीज गेली की ते बंद पडायचं आणि तिची तगमग बघत दादा नुसता बसून राहायचा. शेवटी त्याने स्वतःच पॅनेल आणि बॅटरी आणली, लोखंडी सांगाडा जोडला, आराखडाही हाताने काढला. मंजुरी मागायला गेला तेव्हा वीज कार्यालयातले साहेब म्हणाले, "काका, काम चांगलं आहे. पण इंजिनिअरच्या सहीचा आराखडा लागेल. वादळात हे उडून कुणाच्या अंगावर पडलं तर?"

त्यांचं बरोबरच होतं. दादाने इंजिनिअर गाठला, सांगाडा पुन्हा बांधला आणि तपासणीची वाट पाहत राहिला. वाट पाहायला सगळ्यांपाशी सारखा वेळ नसतो. वहिनी श्रावणात गेली.

काल मंजुरी आली. वर जाऊन मी विचारलं, "दादा, मग चालू करायचं ना?"

"करू की," तो फडकं पिळत म्हणाला. "आता घाई कुणाला आहे?"

ऊन चढेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.