रुखवतातल्या कुरोड्या आणि माझी प्रेरणा

चित्रकाराला चित्र काढता आलं नाही तरी चालतं, पण खादीची झोळी पाहिजेच, अशी चोविसाव्या वर्षी माझी पक्की समजूत होती. मी झोळी आधी घेतली, रंग नंतर. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आम्ही प्रताप नगरात राहायचो आणि तिथे तेव्हा घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते. प्रेरणा काही घरबसल्या मिळत नाही, ती शोधत हिंडावं लागतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून आठवड्यातून दोनदा, स्वयंपाक आटोपला की झोळी लटकवायची, सायकलरिक्षात बसायचं आणि प्रेरणेसाठी थेट इतवारीचा जुना बाजार गाठायचा. आमच्या ह्यांना वाटायचं मी भांड्यांना कल्हई करायला जाते. एकदा तर त्यांनी सोबत पातेलंही दिलं.

इतवारीत भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर बसून मी हातठेले काढायची. पाच मिनिटांत मागे माणसं जमायची.

"काय काढून राहिल्या बाई?"

"ठेला."

"असं काय. मले वाटलं म्हैस हाय."

"म्हैसच होय गा," दुसरा सांगायचा. "चाकं मागून लावली त्यांनी."

मी त्यांच्याकडे दयेने बघायची. बिचाऱ्यांना कला कळत नाही, असं सांगणारा तो चेहरा मी घरी आरशासमोर बसून तयार केला होता. तेवढा वेळ ठेल्याच्या चाकांना दिला असता तर ती गोल तरी झाली असती.

त्यात माझे जलरंग, आणि महिना मे. नागपूरच्या मे महिन्यात कागदाच्या वरच्या कडेला निळा रंग लावला आणि ब्रश खाली आणला, की तोवर वरचा वाळून पापड. त्यामुळे माझ्या सगळ्या आकाशांना सतरंजीसारखे पट्टे पडायचे. मी लोकांना सांगायची, ही माझी शैली आहे.

त्याच मे महिन्यात माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न निघालं. मुलगा भिवापूरचा, शांत, नोकरीवाला. भीती होती ती त्याच्या आत्याची. कुठल्याही लग्नात ही बाई आधी रुखवताकडे जायची आणि मग नवरीकडे, अशी तिची ख्याती. त्यांच्या घरच्या मोठ्या सुनेच्या वेळी तिने रुखवतातला एकेक पापड उजेडाकडे धरून पाहिला होता म्हणे, आणि त्या सुनेला अजून "जाड्या पापडाची" म्हणत होती. आमची नणंद ते ऐकून आली आणि दोन दिवस जेवली नाही.

"वहिनी, मले जन्मभर काय म्हणतीन वं?" ती मला विचारायची.

सासूबाईंनी तिला धीर दिला तो एकाच गोष्टीवर. त्यांच्या हातच्या कुरोड्या. बाकी महाराष्ट्र कुरडया म्हणतो त्याच. पांढऱ्याशुभ्र, चंद्रासारख्या गोल, तळल्यावर परातभर फुलणाऱ्या. रुखवतात मधोमध कुरोड्यांचा मनोरा उभा करायचा आणि आत्याचं तोंड बंद करायचं, असं ठरलं. सासूबाईंनी तीन दिवस गहू भिजवले, वाटले, चीक काढला, शिजवला, आणि लग्नाला बारा दिवस असताना पहाटे उठून गच्चीवर धोतर अंथरून सोऱ्याने कुरोड्या घातल्या. मग त्या आणि नणंद पत्रिका वाटायला निघाल्या. माझ्या हातात काठी दिली.

"इथंच बस. झोपू नको."

"मी कुठे झोपते आई?"

"अन् चित्र बी काढू नको."

"नाही काढत," मी म्हणाले. झोळी तेव्हा माझ्या पाठीमागे होती.

अर्ध्या तासाने कठड्यावर एक कावळा येऊन बसला. मी काठी उचलली आणि तेवढ्यात त्याने मान वाकडी केली. काय सांगू तुम्हाला. मी आजवर कावळा काळा समजत होते. त्याच्या गळ्याला राखेचा रंग होता, पंखावर ऊन पडलं की जांभळी झाक मारत होती, आणि उन्हाने त्याने चोच अर्धी उघडी ठेवली होती, सवाल विचारल्यासारखी. दोन वर्षं मी रिक्षाला पैसे घालून जी इतवारीत शोधत होते ती प्रेरणा आली होती. तिला चोच होती.

त्याने दचकू नये म्हणून मी काठी अगदी हळू खाली ठेवली आणि पायाने लांब सारली. कागद काढला. तो धोतरावर उतरला आणि एका ओल्या कुरोडीचा पदर चोचीत धरून ओढायला लागला. शेवई लांबत गेली, लांबत गेली, त्याची मान मागे गेली, आणि माझा ब्रश आयुष्यात पहिल्यांदा बरोबर जागी पडला. रंग वाळायच्या आत हात चालत होता. मधेच महाराज उडायच्या बेतात दिसले. मी काय करावं? मी हाताने दुसरी कुरोडी त्याच्या पुढे सरकवली.

"खा बाबा," मी म्हणाले, "पण मान तशीच ठेव."

त्याने ठेवली. वर नातेवाईकही बोलावले. दहा झाले, पंधरा झाले. मला वाटलं, मांडणी भरत चालली आहे.

सासूबाई आल्या तेव्हा धोतरावर डाग होते, चार तुकडे होते आणि माझ्या नाकावर जांभळा रंग होता. चित्र कठड्याला टेकवून ठेवलं होतं.

"काय झालं वं इथं?"

"माकडं आली होती, आई."

"कितीक?"

"सहा-सात तरी असतील."

"मग तू काय केलं?"

"काठी घेऊन धावले ना."

सासूबाईंनी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पडलेल्या काठीकडे पाहिलं. मग कागद उचलला. खूप वेळ पाहत राहिल्या.

"हा कावळा हाय," त्या म्हणाल्या.

मी अक्षरशः फुलले. माझ्या चित्रात काय आहे ते मला न विचारता ओळखणारं हे पहिलं माणूस. मी म्हणाले, "हो ना, आई."

"अन् याच्या चोचीत माही कुरोडी हाय."

"हो, तिचेच पदर बघा कसे सुटे सुटे आले आहेत, ते काढताना मी..." आणि तिथे मला आपण काय बोलतोय ते कळलं.

सासूबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नणंद मात्र जिन्यातच खाली बसली आणि रडायला लागली. "आता मी कोणाची वं वहिनी? रिकाम्या ताटाची?" ती म्हणाली, आणि तो आरशासमोरचा माझा चेहरा कुठल्या कुठे गेला.

"गहू भिजू घाल," सासूबाई म्हणाल्या. "तूच घाल. तूच वाट. मी हात लावत नाही."

गहू भिजले, आणि मग चार दिवस मी पाट्यावर ते आंबट वासाचे गहू वाटले. सासूबाई खुर्चीत बसून विणलेल्या पंख्याने वारा घेत, आणि चिकात गुठळी झाली की फक्त "हं" म्हणत. सोऱ्या दाबताना माझे दंड असे थरथरायचे की गोल म्हणून सुरू केलेली कुरोडी वाटेल तिकडे निघून जायची. वाळवणाच्या राखणीला ह्या वेळी स्वतः नवरी बसली, आणि गच्चीच्या दाराला माझ्यासाठी कडी.

मी एकदा भीत भीत म्हणाले, "आई, जागा उरलीच रुखवतात, तर माझं चित्र ठेवू का?"

"रुखवतात कावळा?" त्या म्हणाल्या. "लग्न लागून राहिलं का दहावा?"

लग्नाच्या दिवशी आत्याबाई आल्या, चष्मा पुसला आणि सरळ रुखवतापाशी गेल्या. चिवडा पाहिला, लाडू दाबून पाहिले. मग मनोऱ्यावरची एक कुरोडी उचलली, फिरवली, पुन्हा फिरवली.

"हे काय होय जी, विहीणबाई?"

आतल्या दारातून नणंद बघत होती. मुंडावळ्या बांधलेलं तिचं तोंड कुरोड्यांपेक्षा पांढरं झालं होतं. मी खांबामागे सरकले. तेवढ्यात सासूबाईंनी माझा दंड धरून मला पुढे ओढलं.

"आमची सून आर्टिस्ट हाय," त्या म्हणाल्या. "तिनं मुद्दाम केल्या तशा." एरवी शेजारपाजारी त्या माझं वर्णन 'रिकामी हाय' असं करत.

आत्याबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मग हे काय?"

"बदक," मी म्हणाले.

"अन् हे?"

"मोर. पिसारा मिटलेला."

"अन् हे?"

तिसरी कुरोडी एवढी वाकडी होती की तिच्यात बसेल असा पक्षी मला माहीत नव्हता. मी घाम पुसला. सासूबाई शांतपणे पुढे झाल्या. "सोंड दिसून नाही राहिली का? गणपती होय तो."

आत्याबाईंनी ती कुरोडी जवळ धरली, लांब धरली. मग पायातली चप्पल काढली, कुरोडी कपाळाला लावली आणि मनोऱ्याच्या अगदी वर, वेगळी ठेवली. "सुरेख केली बाई," म्हणाल्या, आणि नवरीकडे वळल्या. नणंदेने तिथल्या तिथे एक लाडू तोंडात कोंबला. पोरगी सकाळपासून उपाशी होती.

बाकीच्या कुरोड्या भिवापूरला दिवाळीपर्यंत संपल्या. तो गणपती तळता येईना, टाकता येईना. तो तीन वर्षं त्यांच्या देव्हाऱ्यात होता. पुढे त्याला मुंग्या लागल्या, तेव्हा आत्याबाईंनी नणंदेसोबत निरोप धाडला, तुझ्या आर्टिस्ट वहिनीला सांग, दुसरा करून दे. कलाकार म्हणून मला आलेली ही पहिली मागणी. मी अख्खी सकाळ गच्चीवर घाम गाळून नऊ गणपती घातले. नऊही चंद्रासारखे गोल झाले.