वरचं खाली उमटताना

मालेगावच्या त्या बाई मला एकदाच भेटल्या. सौरऊर्जेच्या धोरणातून इतक्या वर्षांत काय साधलं, हे तपासायला मी यादी घेऊन घरोघर फिरत होतो. त्या उंबऱ्याशी बसून ओढणीवर नक्षी उतरवत होत्या. वर नक्षीचा कागद, मधे कार्बन, हातात शाई संपलेलं पेन.

"मावशी, सोलरमुळे कार्बन कमी झाला?" मी फॉर्ममधला प्रश्न वाचला.

"कमी कशाला? कालच नवा आणलाय," म्हणत त्यांनी निळा कागद उचलून दाखवला.

मग मी शहाण्यासारखं समजावलं: कोळशाची वीज, धूर, दिल्लीत ठरलेलं उद्दिष्ट. त्यांनी मान खाली घालूनच ऐकलं. नक्षीतलं एक पान पुसट आलं होतं. तिथेच त्यांनी पेन पुन्हा रोवलं.

"वरून हलक्या हातानं लिहिलं ना साहेब, तर खाली उमटत नाही. दाबावं लागतं. आमचं सोलर दोन पावसाळे झाले, बंद पडलंय. गच्चीवर जाऊन बघा."

तोवर मी एकाही गच्चीवर चढलो नव्हतो. आता चढलो. खाली येऊन फॉर्मवर 'बसवले' यापुढे यादी बघूनच केलेली खूण खोडली आणि 'बंद' लिहिलं. इतकं दाबून, की पुढच्या घराच्या कोऱ्या फॉर्मवरही ते उमटलं.