रोल नसलेला कॅमेरा

नांदेडचं घर सोडून लातूरला मुलाकडं राहायला जायचं ठरलं आणि मी माझे जुने कॅमेरे खोक्यांत भरायला बसलो. "अप्पा, ते भंगार कशाला आणायलाव?" मुलगा फोनवर म्हणाला. मी फोनच ठेवून दिला. चालू वस्तूला भंगार म्हणतात का? फक्त एकाचा सेल्फ टायमर अडकत होता. तोही पेट्रोलच्या थेंबानं मळ काढून मोकळा केला.

पूर्वी मी कुठल्याही कॅमेऱ्याचा टायमर दुरुस्त केला की तो तपासायला आम्ही नवरा-बायको भिंतीपाशी उभे राहायचो. रोल वाया जायला नको म्हणून कॅमेरा रिकामाच असायचा. तरी ती पदर सारखा करायची.

"रोल न्हाई त्यात," मी चिडायचो.

"डोळा तर उघडतोय ना त्याचा," ती म्हणायची.

ती वारल्यापासून दुरुस्त केलेला हा पहिलाच टायमर. कॅमेरा स्टुलावर ठेवला, खटका दाबला आणि लगबगीनं भिंतीपाशी गेलो. टायमर घरघरत राहिला, मग शटर पडलं. तेव्हा कुठं लक्षात आलं, एवढी मोकळी भिंत असून मी एका कडेला सरकून उभा होतो.